लिनियर ॲक्च्युएटर कसा निवडावा: नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात यंत्राचा एखादा भाग सरळ रेषेत पुढे-मागे सरकवायचा म्हटले की अजूनही पहिल्यांदा हायड्रॉलिक सिलिंडरच आठवतो आणि त्यात नवल काहीच नाही. उद्यमबाग आणि मच्छेच्या बाजूला सिलिंडर, पंप, व्हॉल्व्ह यांची कामे करणारे कारखाने आहेत आणि सील बदलून देणारा कारागीर शोधायला लांब जावे लागत नाही. तरीही गोठ्याच्या खाद्यकोठीचे झाकण, शेडची झडप, ट्रॉलीचे फाळके किंवा महाविद्यालयातील प्रकल्प अशा हलक्या आणि मध्यम कामांसाठी विजेवर चालणारा लिनियर ॲक्च्युएटर अनेकदा सोपा पडतो. त्याच्या पोटात एक छोटी मोटर, गिअर, लांब स्क्रू आणि त्या स्क्रूवर सरकणारा नट असतो. मोटर फिरली की नट सरकतो आणि नटाला जोडलेली दांडी बाहेर येते किंवा आत जाते. तेल नाही, टाकी नाही, कॉम्प्रेसर नाही.

निवडीत घोळ होतो तो बहुतेक वेळा क्रमामुळे. नवखा माणूस आधी कॅटलॉग उघडतो, ‘किती किलोचा’ एवढेच पाहून वस्तू मागवतो आणि मग ती बसवायला जागा शोधू लागतो. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा हवा. आधी जागा, बिजागर आणि पिनांची ठिकाणे कागदावर काढावीत, त्यावरून जोर आणि लांबी ठरवावी आणि कॅटलॉगकडे सर्वांत शेवटी वळावे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

विजेचाच हवा का, हे आधी ठरवा

तीन पर्यायांची तुलना आकड्यांवरून लगेच करता येते. ५० मि.मी. बोअरचा (आतील व्यासाचा) हवेचा सिलिंडर ६ बार दाबावर सुमारे १,१८० न्यूटन, म्हणजे साधारण १२० किलोचा जोर देतो. त्याच बोअरचा हायड्रॉलिक सिलिंडर १०० बारवर सुमारे दोन टन ढकलतो. म्हणून शेकडो किलोंच्या पलीकडचे, धक्के खाणारे काम असेल, उदाहरणार्थ प्रेस किंवा ट्रॉली उलटी करणे, तर हायड्रॉलिकला पर्याय शोधत बसू नये. उलट पट्ट्यावरून येणारे पोते दर चार-पाच सेकंदांनी बाजूला ढकलायचे असेल आणि कारखान्यात कॉम्प्रेसर आधीच असेल, तर हवेचा सिलिंडर स्वस्त, जलद आणि टिकाऊ ठरतो. विजेचा ॲक्च्युएटर योग्य ठरतो तो हालचाल सावकाश चालते, दिवसातून मोजक्या वेळा होते आणि दांडी मध्येच कोठेही थांबवून धरायची असते तेव्हा.

हालचाल एक मीटरपेक्षा बरीच लांब असेल तर वेगळा विचार करावा. पॉलिहाऊसचा पडदा गुंडाळायला नळी फिरवणारी मोटर लागते, सरकत्या फाटकाला रॅक आणि पिनियन (दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारे छोटे दातेरी चाक) लागतो. अशा ठिकाणी लांब दांडीचा ॲक्च्युएटर बसवला तर दांडी भाराखाली वाकते.

खरा जोर किती लागतो

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असल्याने एक उदाहरण सविस्तर पाहू. गोठ्याशेजारच्या खाद्यकोठीला अँगलच्या चौकटीवर पत्रा ठोकून केलेले झाकण आहे. बिजागरापासून पुढच्या कडेपर्यंत ते १.२ मीटर आहे आणि त्याचे वजन ४० किलो आहे. झाकण सर्वत्र सारखे असेल तर त्याचे वजन मध्यावर, म्हणजे बिजागरापासून ०.६ मीटरवर एकवटले आहे असे धरता येते. बिजागराभोवतीचा मोमेंट (झाकण फिरवू पाहणारा परिणाम, जोर गुणिले अंतर) ४० गुणिले ९.८१ गुणिले ०.६, म्हणजे सुमारे २३५ न्यूटन-मीटर होतो. झाकण आडवे, म्हणजे पूर्ण बंद असताना हा मोमेंट सर्वाधिक असतो. झाकण वर जाईल तसा तो कमी होत जातो. म्हणून हिशेब नेहमी बंद स्थितीचा करावा.

आता दांडीची पिन झाकणाला बिजागरापासून ४०० मि.मी. अंतरावर जोडली आणि ॲक्च्युएटरचे बूड कोठीच्या आत, बिजागरापासून १०० मि.मी. पुढे आणि ३०० मि.मी. खाली टेकवले असे समजा. बंद स्थितीत ॲक्च्युएटर झाकणाशी ४५ अंशांचा कोन करतो. लागणारा जोर काढण्यासाठी मोमेंटला ०.४ मीटर आणि कोनाचा साइन यांच्या गुणाकाराने भागावे. २३५ भागिले ०.२८३ म्हणजे सुमारे ८३० न्यूटन, साधारण ८५ किलो. झाकण ४० किलोचे आणि जोर ८५ किलोचा, हे पाहून नवखे लोक गोंधळतात. पण पिन कडेला नसून आत घेतलेली आहे आणि धक्का तिरका बसतो आहे, त्यामुळे वजनाच्या दुपटीहून अधिक जोर लागणारच.

याच झाकणासाठी जागा वाचवण्याच्या हेतूने बूड ३०० ऐवजी फक्त १०० मि.मी. खाली टेकवले तर काय होते तेही पाहावे. कोन ४५ वरून सुमारे १८ अंशांवर येतो आणि लागणारा जोर १,८५० न्यूटनच्या पुढे, म्हणजे जवळजवळ १९० किलोपर्यंत चढतो. झाकण तेच, बिजागर तेच, फक्त एक ब्रॅकेट वर घेतला. कॅटलॉगमधील किलोंचा आकडा वाढवून पैसे घालवण्यापेक्षा ब्रॅकेट वीतभर खाली वेल्ड करणे किती स्वस्त आहे, हे यावरून कळावे.

ज्यांना त्रिकोणमिती नकोशी वाटते त्यांच्यासाठी साधी पद्धतही आहे. जेथे पिन येणार तेथे हुक लावून स्प्रिंगकाटा अडकवावा, ॲक्च्युएटर ज्या दिशेने ढकलणार त्याच दिशेने झाकण ओढावे आणि ते उचलायला सुरुवात होते तेव्हाचा काटा वाचावा. गंजलेल्या बिजागराचे घर्षण या मोजणीत आपोआप येते. कागदावरच्या हिशेबात ते येत नाही.

आलेल्या आकड्याला किमान दीडने गुणावे. आपल्या उदाहरणात ८३० चे १,२५० न्यूटन होतात, म्हणजे १,५०० न्यूटनचा ॲक्च्युएटर निश्चिंतपणे चालेल. पावसाळ्यात वाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो. उघडे झाकण वारा अडवते आणि वारा समोरून आला की तोपर्यंत दाबाखाली असलेली दांडी एकाएकी ओढली जाते. पिन आणि बुश यांच्यात ढिलेपणा असेल तर त्या वेळी खडखडाट होऊन छिद्रे मोठी होत जातात, म्हणून ओढण्याचा जोरही ढकलण्याइतकाच दिलेला आहे ना, ते पाहून घ्यावे.

झाकण जड असेल तर गॅस स्प्रिंग किंवा मागच्या बाजूला प्रतिभार लावण्याचा पर्याय विसरू नये. अर्धा भार तिकडे गेला की छोटा ॲक्च्युएटर पुरतो, बॅटरीही लवकर उतरत नाही.

स्ट्रोक आणि बंद लांबी

स्ट्रोक म्हणजे दांडी किती बाहेर येते ते अंतर. बंद लांबी म्हणजे दांडी पूर्ण आत असताना एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर. दोन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात, कारण गिअर आणि नट यांना जागा लागत असल्याने बंद लांबी स्ट्रोकपेक्षा नेहमीच जास्त असते. साध्या बनावटीत हा फरक साधारण १०० ते २०० मि.मी. असतो. म्हणजेच ३०० मि.मी. जागेत ३०० मि.मी. स्ट्रोक कधीच बसत नाही.

आपल्या खाद्यकोठीत झाकण बंद असताना दोन पिनांमधील अंतर सुमारे ४२४ मि.मी. येते आणि झाकण ७० अंश उघडल्यावर ते सुमारे ६७७ मि.मी. होते. फरक २५३ मि.मी. आहे. बाजारात २५० मि.मी. स्ट्रोक सहज मिळतो आणि तीन मिलिमीटर कमी उघडल्याने काहीच बिघडत नाही. आता बंद लांबी ४२४ च्या जवळ आहे का ते कॅटलॉगमध्ये पाहावे; ती कमी असेल तर ब्रॅकेटची उंची वाढवून फरक भरून काढता येतो, जास्त असेल तर मात्र पिनांची ठिकाणेच बदलावी लागतात आणि जोराचा हिशेब पुन्हा करावा लागतो.

हे सर्व करण्यासाठी संगणकावरील आरेखन असलेच पाहिजे असे नाही. पुठ्ठ्याची पट्टी झाकण म्हणून कापावी, टाचणी बिजागर म्हणून खुपसावी आणि १:५ प्रमाणात फळीवर दोन्ही स्थिती आखून पट्टीने मोजावे. आयटीआयच्या मुलांना हे दहा मिनिटांत जमते आणि चूक झाली तर पुठ्ठाच वाया जातो.

वेग आणि विश्रांती

एकाच मोटरचा जोर वाढवला की वेग कमी होतो, कारण जोर आणि वेग यांचा गुणाकार मोटरच्या ताकदीपलीकडे जाऊ शकत नाही. कॅटलॉगमध्ये एकाच नावाखाली तीन-चार जोर आणि त्यांसमोर उतरते वेग दिलेले असतात, त्याचे कारण हेच. सेकंदाला १० मि.मी. वेगाने २५० मि.मी. स्ट्रोक पंचवीस सेकंदांत पूर्ण होतो. झाकणासाठी हे उत्तम आहे. छापलेला वेग बिनभाराचा आहे की पूर्ण भाराचा, एवढे मात्र नक्की करून घ्यावे.

विश्रांतीचा नियम नवखे लोक वाचतच नाहीत. ड्यूटी सायकल १० टक्के लिहिलेली असेल तर दर २० मिनिटांत फक्त २ मिनिटे चालवण्याची मुभा आहे. उरलेली १८ मिनिटे मोटर थंड होण्यासाठी आहेत. बंद नळीत बसलेल्या मोटरला हवा मिळत नाही, त्यामुळे ती बाहेरून कोमट वाटली तरी आतून तापलेली असते. सकाळ-संध्याकाळ उघडणाऱ्या खाद्यकोठीला १० टक्के भरपूर झाले. दर दहा सेकंदांनी उघडझाप करणाऱ्या वर्गवारीच्या झडपेला असा ॲक्च्युएटर लावला तर तो थोड्याच दिवसांत जळेल आणि त्यात वस्तूचा काही दोष नसेल.

वीज गेली तर दांडी जागेवर राहील का

आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. ट्रॅपिझॉइडल (समलंब छेदाच्या) आट्याच्या स्क्रूमध्ये आट्याचा उतार घर्षणाच्या कोनापेक्षा कमी असेल तर भार स्क्रूला उलटा फिरवू शकत नाही आणि दांडी आपोआप अडकून राहते. बॉल स्क्रूमध्ये नट आणि स्क्रू यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरत असल्याने घर्षण फारच कमी असते. त्याची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते, पण त्यामुळेच तो भाराखाली मागे सरकतो आणि त्याला वेगळा ब्रेक लागतो.

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) महाविद्यालयांतील जे विद्यार्थी थ्रीडी प्रिंटर किंवा छोटे सीएनसी यंत्र बनवतात त्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. आठ मि.मी. व्यासाचा, एका फेऱ्यात आठ मि.मी. पुढे जाणारा स्क्रू सर्वत्र मिळतो आणि एका फेऱ्यात २०० पावले टाकणाऱ्या स्टेपर मोटरबरोबर तो एका पूर्ण पावलाला ०.०४ मि.मी. सरकतो. पण त्याच्या आट्याचा उतार सुमारे २० अंश असल्याने वीज बंद होताच जड गाडी उभ्या अक्षावरून खाली घसरते. एका फेऱ्यात दोन मि.मी. पुढे जाणारा स्क्रू घेतला तर उतार पाच अंशांच्या आसपास येतो आणि गाडी जागेवर थांबते. वेग मात्र चौपट घटतो. उभ्या अक्षासाठी मी दुसराच घेईन.

कॅटलॉगमध्ये चालताना पेलण्याचा भार आणि थांबलेल्या स्थितीत धरण्याचा भार असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा बहुधा मोठा असतो आणि जाहिरातीत तोच ठळक छापतात.

पाऊस, धूळ आणि चिकटपणा

बेळगाव जिल्ह्यात एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही. मलप्रभा जेथे उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला पावसाळाभर भिंतीही ओल्या असतात, तर अथणीकडे कोरडी धूळ हा मुख्य शत्रू आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बारीक भुकटी असते, उद्यमबागेच्या फाउंड्रीत वाळू आणि गुऱ्हाळात चिकट वाफ.

आयपी क्रमांकाचा पहिला अंक धुळीपासून आणि दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण सांगतो. आयपी ५४ शेडच्या आत चालतो. उघड्यावर आयपी ६५ पेक्षा खाली जाऊ नये. पाण्यात बुडण्याची शक्यता असेल तर आयपी ६७ पाहावा. पण ही चाचणी पुष्कळदा दांडी स्थिर ठेवून केलेली असते आणि चालू दांडी पाण्याचा पातळ थर पुसणाऱ्या सीलखालून आत ओढू शकते. म्हणून बसवताना दांडीचे तोंड शक्यतो खाली करावे, म्हणजे सीलपाशी पाणी साचत नाही, आणि वायर आत शिरते तेथे तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे थेंब झोलावरून गळून पडतो. फाउंड्रीच्या वाळूसाठी आयपी क्रमांक कितीही मोठा असला तरी दांडीवर रबरी घडीचे आवरण चढवावेच. वाळूचा कण सीलमध्ये रुतला की तो दांडीवर ओरखडे काढत राहतो.

वायर, बॅटरी आणि स्विच

बहुतेक छोटे ॲक्च्युएटर १२ किंवा २४ व्होल्ट डीसीवर चालतात आणि दोन तारांची अदलाबदल केली की दिशा उलटते. बॅटरी लांब असेल तर २४ व्होल्ट घ्यावा. कारण असे: एक चौरस मि.मी. तांब्याच्या वायरीने दहा मीटरवर वीज नेली तर जाण्यायेण्याची वीस मीटर वायर होते, तिचा रोध सुमारे ०.३५ ओहम असतो आणि ५ अँपिअरला पावणेदोन व्होल्ट वायरीतच खर्च होतात. १२ व्होल्टमधून एवढे गेले तर ॲक्च्युएटर भाराखाली कण्हू लागतो. वायर २.५ चौरस मि.मी. घेतली तर हीच घट ०.७ व्होल्टपर्यंत येते. सुरुवातीच्या क्षणी करंट चालू करंटच्या काही पट होतो, त्यामुळे ॲडॉप्टर अगदी काठोकाठ क्षमतेचा घेऊ नये, आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवावा.

स्विच दाबून धरला तरच चालणारा असावा, एकदा दाबून सोडण्याचा नसावा. दीडशे किलोचा जोर देणाऱ्या दांडीला झाकणाखाली लहान मुलाचा हात आला हे कळत नाही. बोट उचलताच ती थांबली पाहिजे. दोन्ही टोकांना दांडी थांबवणारे लिमिट स्विच बहुधा आतच असतात, तरी ते आहेत याची खात्री करून घ्यावी. आर्डुइनोने (छोट्या नियंत्रक बोर्डाने) चालवायचे असेल तर मध्ये मोटर ड्रायव्हर किंवा रिलेची जोडी लागते, आणि दांडी नेमकी कोठे आहे हे जाणून घ्यायचे असेल तर पोटेन्शिओमीटर किंवा हॉल सेन्सर असलेले मॉडेल सुरुवातीलाच मागवावे, कारण ते नंतर आत बसवता येत नाही.

रुंद झाकणाला दोन्ही बाजूंनी एकेक ॲक्च्युएटर लावून दोघांना एकाच स्विचवर जोडण्याचा मोह टाळावा. एकाच लॉटमधील दोन नगही भाराखाली समान वेगाने चालत नाहीत. एक पुढे जातो, झाकण पिळते आणि मग दोघांवर आडवा भार येतो. हॉल सेन्सरसह दोघांना बरोबरीने चालवणारा कंट्रोलर घ्यावा, किंवा चौकट मजबूत करून मध्यावर एकच ॲक्च्युएटर लावावा. खाद्यकोठीसाठी मी डोळे मिटून दुसरा मार्ग घेईन.

खरेदी आणि जोडणी

विकणाऱ्याकडून भार, वेग आणि करंट यांचा आलेख मागावा. नुसते ‘१५० किलो’ सांगून वेग, ड्यूटी सायकल आणि बंद लांबी सांगू न शकणाऱ्याकडून घेऊ नये, मग दर कितीही आकर्षक असो. निपाणीहून कोल्हापूर जवळ आणि बंगळूर दूर असल्याने माल कोठून मागवावा हा प्रश्न येतोच. महाराष्ट्रातून माल आला तर आयजीएसटी लागतो, कर्नाटकातून आला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतो. एकूण दर तोच असतो आणि नोंदणीकृत कारखान्याला दोन्हींचे क्रेडिट मिळते. तेव्हा कराकडे न पाहता बिघडल्यावर सुटे भाग कोण देईल ते पाहावे. राज्याबाहेरून ५०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल येत असेल तर ई-वे बिल लागते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

माल हाती आल्यावर टेबलावर ठेवून वीज दिली आणि दांडी पुढे न येता जागीच गरागरा फिरली, तर घाबरून परत पाठवू नये. अनेक बनावटींत दांडीला फिरण्यापासून रोखण्याचे काम पुढच्या पिनेवर सोपवलेले असते. पिन अडकवली की ती सरळ बाहेर येते. त्यानंतर बिनभार करंट मोजून नळीवर मार्करने लिहून ठेवावा.

जोडताना दोन्ही टोकांना पिन असावी आणि दोन्ही पिना एकमेकींना समांतर असाव्यात. एक टोक घट्ट वेल्ड केले तर झाकण वळताना दांडी वाकते. ब्रॅकेट वेल्ड करण्यापूर्वी ॲक्च्युएटर काढून ठेवावा, कारण वेल्डिंगचा करंट त्याच्या बेअरिंगमधून आणि वायरीतून वाट काढतो. पहिला महिना संपल्यावर पिनांना ग्रीस द्यावे आणि त्याच वेळी पुढची पिन काढून दांडी हाताने फिरणार नाही अशी धरून करंट पुन्हा मोजावा. तो नळीवर लिहिलेल्या आकड्याइतकाच असेल पण झाकणासह चालवताना करंट सुरुवातीपेक्षा वाढलेला दिसत असेल, तर दोष ॲक्च्युएटरमध्ये नसून बहुधा बिजागरात असतो.